चूलबंद बोलावणं

आमच्या गोडाऊनला ट्रक लागला की बाकीची माणसं "गाडी आली रे" म्हणून ओरडायची. गोटीराममामा ओरडत नसे. तो डोक्यावरची टोपी सरळ करायचा, गाळ्यातल्या एकेका माणसापुढे जाऊन उभा राहायचा, जरासा वाकायचा आणि म्हणायचा, "गाडी लागलीय हो. समद्यांनी येवाचा. चूलबंद बोलावना हाय."

तोवर ट्रकचा ड्रायव्हर शिव्या देऊन देऊन दमलेला असे.

चूलबंद म्हणजे काय, ते आधी सांगतो. मलाही तिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. लग्नाचं बोलावणं दोन तऱ्हांचं असतं. एक साधं, म्हणजे घरातल्या एकाने जाऊन तोंड दाखवून यायचं. दुसरं चूलबंद. म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूलच पेटवायची नाही. म्हातारीपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत, पाहुणा आलेला असेल तर पाहुण्यासकट, सगळ्यांनी जेवायला यायचं. गोटीराममामाचा पाडा अंबाडी गावाच्या पुढे, आत. तिथे आणि आजूबाजूच्या चार गावांत लग्न असो, हळद असो की बारसं, हातात ताट घेऊन घरोघर हे बोलावणं फिरवायचं काम वीस-पंचवीस वर्षं त्याच्याकडे होतं. ताटात हळदीचे तांदूळ. दारात उभं राहायचं, तांदूळ हातावर ठेवायचे, ठरलेले शब्द म्हणायचे, पुढच्या घरी. एकही घर सुटता कामा नये. ज्याच्याशी कोर्टात केस चालू आहे त्याचंसुद्धा.

"बोलवाचा तं समद्यांना बोलवाचा," मामा सांगायचा. "घर सोडला का मग गाव फाटला."

या कामामुळे त्याला एक खोड लागली होती. कुणाच्या घरात किती माणसं, हे त्याला तोंडपाठ असे. नवा माणूस कामाला लागला की मामा त्याचं नाव नंतर विचारायचा, आधी विचारायचा, "घरान मानसा किती?" आमच्या लोडिंगमधला रामसूरत हा जौनपूरकडचा. त्याचा हिशोब, "गावाला सात, धामणकर नाक्याच्या खोलीवर नऊ, त्यातला एक रातपाळी." माझा हिशोब, "भाऊ, तुमची चार. सासूबाय आली तं पाच. मेव्हना आला तं तुमी भाईर."

हे शेवटचं त्याला कुणी सांगितलं, ते मला अजून कळलेलं नाही.

तर युनियन. आमची युनियन तेव्हा पाच आठवड्यांची होती. म्हणजे मान धरत नव्हती. झालं असं, की वडप्याच्या आमच्या गोडाऊनच्या ऑफिसबाहेर एक दिवस कागद लागला. पन्नाशीपुढच्या लोडिंगवाल्यांनी दोन महिन्यांनंतर कामावर येऊ नये. एवढंच. खाली मॅनेजरसाहेबांची सही. तो कागद वाचून मी आधी स्वतःचं वय काढलं. अठ्ठेचाळीस निघालं. शिवाय मी डिस्पॅचचा कारकून, लोडिंगवाला नाही. एवढी खात्री झाल्यावर मग मला अन्यायाची चीड आली. गोटीराममामा चौपन्नचा. पहिला तोच जाणार होता.

कल्याणहून युनियनचे एक साहेब आले. त्यांना प्रत्येक वाक्य "मुद्दा असा" म्हणून सुरू करायची सवय होती. "मुद्दा असा, की तुम्ही इथे बावन्न माणसं. मला निम्म्याहून जास्त सभासद द्या. सत्तावीस. रविवारी सभा घेऊ, सोमवारी मी पत्र घेऊन ऑफिसात जातो आणि तो कागद काढायला लावतो. पण सव्वीसवर मी जाणार नाही. सव्वीस म्हणजे बरोबरी, आणि बरोबरीत मालक जिंकतो."

माझं अक्षर बरं म्हणून मला चिटणीस केलं. घरी येऊन मी हे जरा छाती काढूनच सांगितलं.

"तुम्ही चिटणीस?" आमची ही म्हणाली. "घरात पंखा कितीवर ठेवायचा हे तुम्हाला कोणी विचारत नाही."

तिचं चुकलं नव्हतं. सभासद करायला मी एक भाषण पाठ केलं आणि पहिल्या दिवशी रामसूरतला गाठलं. तो एकटाच पोत्यावर बसून तंबाखू मळत होता. मी सुरू केलं, "बंधूंनो..."

रामसूरतने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. "भाऊ," तो काळजीने म्हणाला, "तबियत ठीक है ना?"

दोन आठवड्यांत मी चार सभासद केले. त्यात एक मी.

उरलेले फॉर्म मी रोज खिशातून घेऊन जायचो आणि रोज घामेजलेले परत आणायचो. एके दुपारी मी एका पोऱ्यासारख्या दिसणाऱ्या नव्या गड्याच्या हातात फॉर्म कोंबत होतो आणि तो पळायची वाट शोधत होता, ते गोटीराममामाने पाहिलं.

"ह्या कय चाललाय, भाऊ?"

"सभासद करतोय, मामा."

"असा? कागूद असा कोंबतात हातान? मानूस कय कचऱ्याचा डबा हाय?" त्याने माझ्याकडून सगळा गठ्ठा काढून घेतला. "तुमी लिवा-वाचाचा बगा. ह्या माजा काम हाय."

दुसऱ्या दिवशी फॉर्म परत आले ते चारही कोपऱ्यांना हळद लावून. आणि मामा ताट घेऊन निघाला. जेवणाच्या सुट्टीत गाळ्यागाळ्यांतून, संध्याकाळी धामणकर नाक्याच्या खोल्यांवरून. लूमची खडखड चालू, बाजूला रिक्षावाले "एक सीट, एक सीट" म्हणून बोंबलतायत, आणि हा माणूस खोलीच्या दारात टोपी सरळ करून उभा. तांदूळ हातावर ठेवायचे, त्यावर फॉर्म ठेवायचा, आणि म्हणायचं, "आपल्या घरची युनियन हाय. रविवारी धा वाजता, वडप्याच्या समाजमंदिरान. समद्यांनी येवाचा. चूलबंद."

हिंदी बोलणाऱ्यांसाठी वेगळी आवृत्ती होती. "रविवार को चूल्हा पेटाने का नहीं. पूरा घर आने का. मेहमान है तो उसको भी डालके लाने का."

रामसूरतने तांदूळ मुठीत धरले आणि विचारलं, "मामा, लेकिन शादी है किसकी?"

"युनियनची."

"अउर लड़का कौन है?"

"तू," मामा म्हणाला. "कर सही."

रामसूरतने लाजत सही केली.

हातावर हळदीचे तांदूळ पडल्यावर नाही म्हणायची आमच्याकडे कुणाची छाती नाही. काही जण मालकाच्या भीतीने "उद्या देतो" म्हणून फॉर्म ठेवून घेत, तरी फॉर्म भराभर यायला लागले. माझ्या टेबलाचा खण उघडला की हळदीचा वास यायचा. मिसळणाच्या डब्यासारखा. शनिवारी संध्याकाळी मी फॉर्म मोजले. सत्तावीस. पुन्हा मोजले, सत्तावीस. घरी जाऊन हिच्यासमोर मोजले. तिथेही सत्तावीसच भरले. एकदा वाचले असते तर बरं झालं असतं, पण ते पुढे.

रविवारी सकाळी कल्याणचे साहेब समाजमंदिरात आले आणि दारातच थबकले. आत दीडशे माणसं. लोडिंगवाले होते, त्यांच्या बायका होत्या, पोरं होती, नवी लुगडी होती. एका म्हातारीला चौघांनी खुर्चीसकट उचलून आणलं होतं. तिघाचौघांनी आहेर आणला होता. एक स्टीलचं पातेलं तर टेबलावर, साहेबांच्या भाषणाच्या कागदांवरच ठेवलं होतं.

"मुद्दा असा," साहेब हळूच मला म्हणाले, "की हे सगळे कोण?"

"चूलबंद आहेत, साहेब."

चूलबंद म्हटल्यावर खायला घालणं आलं. समाजमंदिराची मोठी पातेली निघाली, बायकांनी पदर खोचले, कुठून तरी पोहे आले. गोटीराममामा पाण्याचा जग घेऊन पंगतीपंगतीतून फिरत होता. "बसा. बायला वाढा आदी. तुमची सात ना? मग सहाच कशी? एक कुठं ऱ्हायला?"

साहेब "कामगार बंधू-भगिनींनो" म्हणाले, आणि नेमकी त्याच वेळी बाहेर गाडी थांबली. आमचे मॅनेजरसाहेब उतरले. इस्त्रीचा राखाडी सफारी. मागून त्यांच्या पत्नी, रेशमी साडीत. त्यांच्या मागून सासूबाई, नथ घालून. मॅनेजरसाहेबांच्या हातात रंगीत कागदात गुंडाळलेला खोका.

मी मामाला खांबाआड ओढलं. "मामा, यांना कुणी बोलावलं?"

"मीच की."

"मॅनेजरला? युनियनच्या सभेला?"

"मग?" मामाला माझंच आश्चर्य वाटलं. "गोडाऊन म्हंजे आपला गाव. गावातला एक घर सोडाचा? आन तो पन मोठा घर? उद्या म्हनल, मना एकल्याला टाकला. सायब फोनवर बोलत व्हता, तांदूल घेतले आन नुसती मान हालवली."

तेवढं बोलून तो पुढे झालासुद्धा. मॅनेजरसाहेबांच्या कपाळाला कुंकू, खांद्यावर शाल, हातात नारळ. ती शाल खरं तर कल्याणच्या साहेबांसाठी आणलेली. नाक्यावरचा फोटोवाला आम्ही सभेसाठी बोलावला होता. त्याने शाल-नारळ पाहिला आणि सवयीने पटापट चार फोटो मारले. मॅनेजरसाहेब हसून उभे राहिले. त्यांच्या डोक्यावर, हारासारखा अर्धगोल, आमचा तांबडा कापडी फलक.

"नवरी कुठाय?" सासूबाईंनी विचारलं.

पंगतीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"अहो, नवरदेव हे समोर आहेत," मॅनेजरसाहेब मोठ्या खुशीत म्हणाले आणि त्यांनी तो खोका गोटीराममामाच्या हातात दिला. "मी कधीचा म्हणत होतो, गोटीराम, एकदाचं उरकून टाका. या वयात का होईना, घरात माणूस पाहिजे. बोलावणं आलं तेव्हाच मी हिला म्हटलं, जायचंच."

मग जे हसू फुटलं, ते विचारू नका. पोरं पोह्यांत ठसकली. रामसूरत "दूल्हा! दूल्हा!" म्हणून मांडीवर थापा मारायला लागला. सगळ्यांत जोरात मीच हसलो, हे मला नीट आठवतं.

गोटीराममामाने जग खाली ठेवला, हात धोतराला पुसले आणि खोका दोन्ही हातांनी घेतला. "बसा, आई," तो सासूबाईंना म्हणाला. "पोहे गरम हायेत." त्यांना स्वतः पाणी दिलं.

मॅनेजरसाहेबांनी बसता बसता वर पाहिलं आणि फलक वाचला. त्यांचा चेहरा हळूहळू सफारीच्या रंगाचा झाला. ते उठलेच असते, पण सासूबाईंनी दुसऱ्यांदा पोहे घेतले होते, आणि सासूबाईंना अर्ध्या ताटावरून उठवण्याची छाती मॅनेजरचीही नसते. पंधरा मिनिटं ते शाल पांघरून, नारळ मांडीवर घेऊन, स्वतःविरुद्धचं भाषण ऐकत बसले.

ते गेल्यावर कल्याणचे साहेब माझ्या कानाशी आले. "मुद्दा असा, की हा माणूस आता मालकाला काय सांगणार? सभा झाली म्हणून? मग मालक विचारेल, तू तिथे शाल घेऊन काय करत होतास? फोटो जपून ठेवा. आता फक्त सत्तावीस फॉर्म द्या."

मी ऐटीत गठ्ठा दिला. साहेब एकेक फॉर्म वाचायला लागले. प्रत्येकातून दोन-चार तांदूळ टेबलावर पडत होते. पहिलाच फॉर्म त्यांनी तीनदा वाचला.

"ह्या गावदेवी मॅडम कुठल्या खात्यात?"

"कोण?"

त्यांनी फॉर्म माझ्यापुढे धरला. नाव, गावदेवी. पत्ता, वडाखाली. वय, म्हाईत न्हाय. पगार, नारल. सहीच्या जागी कुंकवाचा ठिपका.

पहिलं बोलावणं गावदेवीला. हे तर लग्नातही असतं. मामाने रीत पाळली होती. मीच फॉर्म न वाचता मोजले होते, तीन वेळा.

"म्हणजे सव्वीस," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज एकदम थकला. "आता एक माणूस कुठून आणायचा?"

आम्ही यादी मोठ्याने वाचायला घेतली. मी नावं वाचत होतो, रामसूरत बोटांवर मोजत होता. सव्विसावं नाव झालं आणि आम्ही दोघांनी एकाच वेळी वर पाहिलं. यादीत गोटीराम नव्हता. ज्याची नोकरी जाणार म्हणून ही सगळी वरात निघाली होती, ज्याने बावीस माणसं आणि एक देवी सभासद केली, त्याचाच फॉर्म नव्हता.

"मामा!" रामसूरतने हाक मारली.

जग खांबापाशी होता. मामा नव्हता. तो मघाच, हसू चालू असतानाच, खोका काखेत मारून गेला, असं त्या खुर्चीवरच्या म्हातारीने सांगितलं. तिच्याखेरीज कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

मी आणि रामसूरत माझ्या स्कूटरवरून निघालो. माझी स्कूटर चढ दिसला की माझ्यासारखीच विचार करायला लागते, त्यामुळे अंबाडीपर्यंत रामसूरत निम्मा रस्ता चालला. पाड्यावर विचारत विचारत घर गाठलं. एका खोलीचं घर. अंगण सारवलेलं, दाराला तोरण. आणि आत भिंतीवर, नुकत्याच ठोकलेल्या खिळ्याला, एक नवं घड्याळ टिकटिकत होतं. फळीवर तो रंगीत कागद नीट घडी घालून ठेवला होता. त्यावरचं 'शुभविवाह' वरच्या बाजूला. चुलीच्या जागी रॉकेलचा स्टोव्ह फरफरत होता, त्यावर एक छोटं पातेलं.

"मामा, तुमचा फॉर्म राहिलाय," मी धापा टाकत म्हणालो. "एक कमी पडतोय. इथे सही करा."

मामाने फॉर्मकडे पाहिलं, हात लावला नाही. "मी कशी करू, भाऊ?"

"म्हणजे? अहो, उद्या पत्र गेलं नाही तर पहिले तुम्ही बाहेर! माहीत आहे ना?"

"म्हाईत हाय." तो भांडत नव्हता. एखाद्या पोराला उजळणी सांगावी तसं सांगत होता. "पन मना कोनी बोलावलाय?"

"तुम्ही तर सभेतच होता!"

"तो पानी वाडवाला व्हतो. कामाला. ज्याच्या दारात बोलावना न्हाय, त्यानी पंगतीला बसाचा न्हाय. मी पंचवीस वर्सा समद्यांना बोलावतो. पन जो बोलावना फिरवतो त्याच्या दारात कोन येतो? समद्यांना वाटतो, ह्याला म्हाईतच हाय."

रामसूरत माझ्याकडे पाहायला लागला. मी त्याच्याकडे. मग मी म्हणालो, "बरं मामा, बोलावतो. या."

"असा?" मामा कळवळला. "रिकाम्या हातान? तांदूल कुठं हायेत?"

आमच्याकडे तांदूळ नव्हते. तो आत गेला, ताट घेऊन आला. ताटात हळदीचे तांदूळ तयार होते. ते माझ्या हातात दिलं, माझी टोपी नव्हती म्हणून स्वतःची टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, आम्हाला दोघांना उंबऱ्याबाहेर केलं आणि दार लावून घेतलं.

मी दार वाजवलं.

"कोन हाय?" आतून आवाज आला. जसं काही ठाऊकच नाही.

दार उघडलं. एवढ्यात त्याने सदरा बदलला होता. मी वाकलो. तांदूळ त्याच्या हातावर ठेवले, वर फॉर्म ठेवला. शब्द मला पाठ होते, दोन आठवडे ऐकत होतो. "आपल्या घरची युनियन आहे," मी म्हणालो. "सगळ्यांनी यायचं. चूलबंद बोलावणं आहे."

बोलावण्याला उत्तर घरातल्या बाईमाणसाने द्यायचं असतं, आतून. मामा सवयीने क्षणभर थांबला, आत वळून पाहिलं. मग त्याने स्वतःच उत्तर दिलं.

"येतो. समदी येतो."

त्याने फॉर्म भिंतीवर टेकवला आणि एकेक अक्षर कोरून सही केली. सत्तावीस. मी फॉर्मची घडी घालायला लागलो, तोच मामा आत गेला, स्टोव्हची चावी फिरवली, आणि फरफर थांबली. पातेल्यातला भात अर्धा कच्चा होता. त्याने त्यावर झाकण ठेवलं.

"अहो मामा, हे काय?"

"चूलबंद म्हनलाव ना?" तो चपला शोधत म्हणाला. "चला. लांब जावाचा हाय."

रामसूरत खाली बघून हसायला लागला. समाजमंदिरातली पातेली एव्हाना धुऊन पालथी पडली असणार. मी बाजूला जाऊन घरी फोन लावला. हिला म्हटलं, जेवायला पाहुणे आणतोय, चूलबंद बोलावलंय.

"काय बाई तुमचं एकेक! आणि चूलबंद म्हणजे किती जण? तांदूळ किती घेऊ ते सांगा."

मी मागे पाहिलं. गोटीराममामा दाराला कुलूप लावत होता. लावून झाल्यावर त्याने ते ओढून पाहिलं, परत एकदा ओढून पाहिलं, आणि बंद दाराला पाठ करून सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"सगळे," मी म्हणालो. "त्यांच्या घरचे सगळे येतायत."